तुम्ही विचारलंत म्हणून: वशिला कुणाचा होता?

मागच्या महिन्यात भुसावळला एका लग्नाच्या पंगतीत बट्टी कुस्करत बसले होते. शेजारच्या पानावरचे दादा वरण वाढून घेता घेता म्हणाले, "मॅडम, ते तुमचं अमेरिकेचं... वशिला कुणाचा होता हो?" मी कॉलेजात शिकवते आणि सहा महिने शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन आले, त्याबद्दल ते विचारत होते. विचारण्यात खवचटपणा नव्हता. इतक्या लांबचं काम कुणाच्या ओळखीशिवाय होतं यावर आपल्याकडे कुणाचा विश्वासच नाही. आमच्या कॉलेजातला अमळनेरकडचा शिपाई वेगळं विचारतो: "कितला पैसा लागना, मॅडम?" आणि नणंदेच्या जाऊबाई तिसरंच विचारतात: "पोरांना कुणाकडे टाकलं होतं?" त्याचं उत्तर सोपं आहे, त्यांच्या बापाकडे. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र जरा वेळ लागतो.

पैसा लागला तो पासपोर्टचा, मुंबईच्या फेऱ्यांचा आणि झेरॉक्सचा. विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट, महिन्याचा खर्च, आजारपणाचा विमा हे सगळं फेलोशिपमधून, म्हणजे त्या शिष्यवृत्तीतून. मी गेले ती फुलब्राइट-नेहरू, कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षकांसाठी आणि अनुभवी व्यावसायिकांसाठी असलेली. चार ते नऊ महिने, शेवटी पदवी मिळत नाही, परीक्षा नाही. शिकवा, संशोधन करा किंवा दोन्ही करा. मी सहा महिने घेतले.

"अमेरिकेच्या पैशावर फिरून आल्या" हेही ऐकून झालंय, म्हणून तेवढा इतिहास सांगते. १९४६ साली अमेरिकेच्या संसदेतले सेनेटर फुलब्राइट यांनी कायदा करून घेतला, तो दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात पडून राहिलेलं लष्करी सामान विकायचं आणि त्या पैशातून माणसांची देवाणघेवाण करायची, असा. भंगाराच्या पैशातून शिष्यवृत्ती. आमच्या जळगावच्या कुठल्याही व्यापाऱ्याला ही कल्पना पटली असती. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी, आणि २००८ पासून भारत सरकारही बरोबरीचा खर्च उचलतं. नावात नेहरू आले ते तेव्हापासून. म्हणजे निम्मा पैसा तुमचा-माझाच.

आता वशिला.

माझं माहेर यावल तालुक्यातलं. मामांची केळी सातपुड्याच्या पायथ्याशी. पायथ्याला दगडगोटे आणि वाळूचा जाड पट्टा आहे, भूगोलात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून उतरलेलं पाणी तिथे जिरतं आणि खाली तापीच्या गाळात जातं. माझ्या लहानपणी मामांच्या विहिरीत वाकून बघितलं की आपलं तोंड दिसायचं. आता तिच्यात चिमण्यांची घरटी आहेत आणि शेजारी ट्यूबवेल आहे, तिचीही खोली दर दोन-चार उन्हाळ्यांनी वाढते. यावल-रावेरचा भूजलाचा उपसा जमिनीत परत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारी अहवाल कितीतरी वर्षं सांगताहेत. केळी ठिबकवर गेली, तरी तिला बारा महिने पाणी लागतंच.

२०१६ साली पहिला अर्ज भरला तेव्हा यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. 'जागतिक जलसंकट आणि शाश्वत विकास' असं काहीतरी लिहिलं होतं. आज वाचलं की कानशिलं गरम होतात. असा मजकूर दिल्लीतला कुणीही माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत लिहील, मग त्यांनी मला कशाला न्यावं? नकार आला, तो रास्तच होता.

दुसऱ्या वर्षी सुरुवातच मामांच्या विहिरीपासून केली. तिकडच्या विद्यापीठातून कुणाचं निमंत्रणाचं पत्र असेल तर अर्जाला बळ येतं, म्हणून अकरा अनोळखी प्राध्यापकांना ईमेल पाठवले. आठ जणांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी शुभेच्छा दिल्या. अकराव्याने, कॅलिफोर्नियातल्या एका भूजलवाल्या प्राध्यापकाने, एका ओळीत विचारलं: तुमच्याकडे दगडगोट्यांचा थर किती जाड आहे? मी त्याच संध्याकाळी मोटरसायकलवर भावाच्या मागे बसून मामांकडे गेले. मोबाईलला दोरी बांधली, टॉर्च लावला, विहिरीत सोडला आणि कडेचे थर वरपासून खालपर्यंत टिपून आणले. मामा म्हणत होते, "अगं, फोन पडेल." फोटो पाठवले. चौथ्या दिवशी पत्र आलं. दादा, हा माझा वशिला.

मुलाखतीत घोळून घोळून एकच विचारलं, कॅलिफोर्नियाच का? तिथल्या मध्य खोऱ्यात उपशामुळे जमीनच खचली आहे. मेंडोटा गावाजवळच्या एका खांबाचा फोटो भूजलवाल्यांच्यात प्रसिद्ध आहे: खांबावर १९२५, १९५५ आणि १९७७ अशा पाट्या, प्रत्येक पाटी त्या वर्षी जमीन कुठे होती ते सांगणारी. खाली उभा माणूस ठेंगणा दिसतो, कारण १९२५ ची पाटी त्याच्या डोक्यापासून खूप वर, जवळजवळ नऊ मीटरवर आहे. त्या राज्याने भूजलावर कायदा केला तो २०१४ मध्ये. इतकं बिघडेपर्यंत थांबलेल्यांकडून काय शिकायचं, असं पॅनेलवरच्या एका बाईंनी विचारलं. मी म्हटलं, कुठे थांबायला नको होतं ते.

नोव्हेंबर २०१८ ते एप्रिल २०१९ तिथे होते. तिकडे पाऊस हिवाळ्यात. पुराचं जादा पाणी कालव्यातून द्राक्षांच्या बागांत सोडतात आणि मुरू देतात. फ्रेस्नोजवळ घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या द्राक्षवेली मी पाहिल्या, वर एक पान नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, हेच घेऊन जायचं आपल्या केळीत. मग तिथल्याच एका शेतकऱ्याने विचारलं, तुमचं पीक झोपतं कधी? वेली थंडीत झोपतात म्हणून मुळं पाण्यात राहिली तरी चालतं. केळी झोपत नाही. तिच्या बुडाशी आठवडाभर पाणी साचलं की मुळं सडणार. नऊ हजार मैल गेल्यावर हे कळलं, आणि मामांना ते घरबसल्या माहीत होतं. तेव्हा बाग सोडून दिली आणि बझाड्यातले नाले धरले: पाणी कुठे आणि किती वेगाने जिरतं ते कसं मोजायचं, याच्या साध्या पद्धती. त्यासाठी लागणारी, जमिनीत रोवायची लोखंडी गोल कडी पुढे फैजपूरच्या वेल्डरकडून करून घेतली.

सगळ्यात अवघड सही मात्र अमेरिकेतली नव्हती. नोकरी करणाऱ्याला रजेचं पत्र लागतं. संस्था म्हणाली, विद्यापीठाचं आणा. विद्यापीठातून कळलं, आधी संस्थेचं लागेल. एका कार्यालयात माझी फाइल आवक-जावकच्या दोन कपाटांमध्ये पाच आठवडे होती. तिला पाय नाहीत, नेणारा माणूस रजेवर. "तुमच्या वर्कलोडचं काय?" या एका प्रश्नावर तीन बैठका झाल्या. शेवटी सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलीने तास घेतले, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरे घेतले. म्हणून अर्ज भरायच्या आधी रजेचं बोलणं सुरू करा. निवड होईपर्यंत थांबलात तर विमान सुटेल.

"तिकडेच का राहिल्या नाही?" असंही विचारतात. जे-वन या देवाणघेवाणीच्या व्हिसावर अशा सरकारी पैशातून गेलं की परतल्यावर दोन वर्षं मायदेशात काढावी लागतात, त्याआधी तिथला नोकरीचा किंवा कायम राहण्याचा व्हिसा मिळत नाही. नुसतं भेटायला जायला अडकाठी नाही. लोक याला अट म्हणतात. मला ती सोयीची वाटली, घरी कुणाला समजावत बसावं लागलं नाही.

शिक्षक नसलेल्यांनाही वाटा आहेत. नोकरीत काही वर्षं मुरलेल्या व्यावसायिकांसाठी अमेरिकेचीच हम्फ्री फेलोशिप आहे, तीही पदवी न देणारी. जर्मनीला जायचं तर डीएएडी आहे, शिष्यवृत्त्या देणारी १९२५ पासूनची तिथली संस्था. सगळीकडे पहिल्या पानावर काय लिहिता तेच बघतात.

दिवाळीनंतर आमच्याच कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची एक मुलगी मसुदा घेऊन आली होती. विषय केळीच्या खांबापासून धागा काढण्याचा. पहिलं अख्खं पान ग्लोबल वॉर्मिंगवर. मी लाल पेनाने उभी रेघ मारली. तोंड एवढंसं करून गेली. आठ दिवसांनी परत आली तेव्हा पहिल्या ओळीत तिच्या वडिलांचं शेत होतं, घड कापल्यावर बांधावर सडणारे खांब होते आणि ते उचलायला ट्रॅक्टरवाला किती घेतो तेही होतं. एक प्राध्यापक तिच्याशी बोलायला तयार झालाय. रजेची फाइल सध्या दुसऱ्या टेबलावर आहे.