इंजिन चालते, पण ओढत नाही

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली आणि ट्रॉलर पुन्हा पाण्यात उतरले, की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : इंजिन चालते, पण ओढत नाही. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे इंजेक्शन पंप (दाबाने मोजून डिझेल इंजिनात पाठवणारा पंप) उतरवून शहरात कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून मोजमाप जुळवायला पाठवणे. माझ्या मते हा उपाय सर्वांत शेवटी करायचा आहे, कारण बहुतेक वेळा पंप निर्दोष असतो आणि त्याच्या मागेपुढे काहीतरी अडलेले असते.

आधी व्हीलहाउसमध्ये (सुकाणूच्या खोलीत) एकाला उभे करून पूर्ण रेस द्यायला सांगावे आणि आपण खाली उतरून पंपावरचा लिव्हर त्याच्या स्टॉपच्या स्क्रूला टेकतो का ते पाहावे. हँडलपासून लिव्हरपर्यंतची केबल ताणली किंवा गंजली असेल तर तो बोटभर मागेच राहतो. लिव्हर टेकत असेल तर गिअर टाकून भारावर इंजिन चालवावे व धूर पाहावा. आरपीएम (मिनिटाला फेरे) कमी आणि धूर काळा असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण हवा अपुरी आहे, भार जास्त आहे किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल सोडणाऱ्या तोट्या) नीट फवारत नाहीत. आरपीएम कमी असूनही धूर जवळजवळ नसेल, तर इंजिन उपाशी आहे, म्हणजे त्याला पुरेसे डिझेल मिळत नाही. न्यूट्रलमध्ये पूर्ण आरपीएम मिळाले म्हणून डिझेलची लाइन ठीक आहे असे समजू नये, कारण भार नसताना इंजिनाला डिझेल फारच थोडे लागते.

उपाशी इंजिनाचे मूळ बहुधा टाकीतच सापडते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतले पाणी साचते, ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढून काळपट बुळबुळीत गाळ तयार होतो. जेटीला बांधलेल्या बोटीत हा गाळ शांत पडून असतो. बाहेर लाटांवर बोट हेलकावू लागली की तो ढवळून सक्शन पाइपात शिरतो. त्यामुळे खाडीत ठणठणीत वाटलेले इंजिन मोकळ्या समुद्रात ढेपाळते. फिल्टरच्या वाटीतले डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवावे : तळाशी पाणी, मध्ये गाळाचा पट्टा आणि वर डिझेल असे थर दिसले, तर फक्त फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी साफ करावी लागेल.

इंजिन सुरुवातीला बरे चालून थोड्या वेळाने दम सोडत असेल, तर टाकीचा हवेचा पाइप पाहावा. बंदीच्या काळात कुंभारीण माशी त्याच्या तोंडात मातीचे घर करते, किंवा रंगकाम करणारा ते रंगाने बुजवतो. अशा वेळी टाकीचे झाकण सैल केले, की हवा आत ओढली जाते आणि इंजिन हळूहळू सावरते. सक्शनच्या बाजूला सैल सांधा असेल तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे नुसते बघून तो दोष सापडत नाही. स्वच्छ डिझेलचा कॅन थेट फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला) जोडून इंजिन भारावर चालवावे. ताकद परत आली, तर दोष टाकी ते फीड पंप या वाटेवरच आहे.

धूर काळा असेल तर इंजिनरूमची झापड उघडून पाहावी. तेवढ्याने आरपीएम वाढले तर खोलीत हवाच पुरत नाही. एअर फिल्टर आणि टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) फाटलेला होजही तपासावा. हे ठीक निघाले, तर बोट किनाऱ्यावर ओढून पंखा, म्हणजे पाण्याखालचा प्रोपेलर पाहावा. त्याला गुंडाळलेला जाळ्याचा दोर, वाकलेले पाते किंवा पाण्यातच उभ्या राहिलेल्या बोटीच्या बुडाला धरलेला शिंपल्यांचा खरखरीत थर चांगल्या इंजिनालाही दमवतो. पंख्याला मिळणारी ताकद साधारण आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १८०० ऐवजी १६२० आरपीएम मिळाले, तर आकड्यात १० टक्केच घट दिसते, पण ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटलेली असते. मोठ्या पंख्यानेही भार वाढतो, म्हणून बंदीआधी तो बसवला होता का, हे तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) आधीच विचारून घ्यावे.

एवढे होऊनही फरक पडला नाही, तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) पाहावे, नोझल तपासायला द्यावेत, आणि मगच पंपाला हात लावावा.