गाठ उजवीकडं, आणि डावीकडं थायरॉईडच नाही : माझा अनुभव

मी निपाणीजवळच्या गावातली. गेल्या श्रावणात जाऊबाई म्हणाल्या, अगं तुझ्या गळ्याला उजवीकडं काय फुगलंय, पाणी पिताना वर-खाली होतंय बघ. दुखत नव्हतं म्हणून मी महिनाभर तसंच काढलं, ते चुकलंच माझं.

सोनोग्राफीत २.२ सेंटीमीटरची गाठ निघाली. पण मॅडम डावीकडंच मशीन फिरवत बसल्या आणि विचारलं, आधी ऑपरेशन झालंय का? म्हटलं नाही हो, गळ्यावर वण तरी दिसतोय का. रिपोर्टात लिहून आलं की थायरॉईड ग्रंथीचा डावा लोब, म्हणजे डावी बाजू, दिसत नाही. तो रिपोर्ट घेऊन एका सर्जनकडं गेलो तर त्यांनी खालची एकच ओळ वाचली आणि म्हणाले गाठीची बाजू काढून टाकू, दुसरी बाजू काम करते, काळजी नको. घरी येऊन भाच्यानं रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा कळलं की दुसरी बाजू नाहीच आहे, म्हणजे अर्धी काढतो म्हणत सगळीच गेली असती आणि जन्मभर गोळीवर! त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग बेळगावात थायरॉईडच्याच डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट बसवून सांगितलं, याला हेमिएजेनेसिस म्हणतात, पोटात असतानाच एक लोब तयार होत नाही, बहुतेकदा डावाच, आणि कित्येकांना आयुष्यभर कळतही नाही. टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सर्गी औषधाचा स्कॅन केला, हाताच्या शिरेत सुई, वीसेक मिनिटं थांबायचं, मग कॅमेऱ्याखाली झोपायचं. डावीकडं कोरंच. मी विचारलं, ती बाजू नुसती झोपलेली नसेल कशावरून? तर म्हणाले, कधी कधी गाठच जास्त हार्मोन करते आणि दुसऱ्या बाजूला झोपवते, पण मग टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारं मेंदूतलं हार्मोन, खाली जातो, तुमचा तर ६.८ आहे, उलट जास्तच, आणि सोनोग्राफीतही तिथं काही नाही. जिभेच्या मुळाशी थायरॉईड अडकून राहिलीय का तेही बघितलं, नव्हती.

तपासायला सुई घालून गाठीतल्या पेशी काढल्या ते मुंगी चावल्यागत, खरा त्रास रिपोर्टची वाट बघण्याचा. त्या रिपोर्टात बेथेस्डा म्हणून सहा पायऱ्या असतात, माझी दुसरी, म्हणजे कॅन्सर नाही. सासूबाई तिथंच बाकावर रडल्या.

ऑपरेशन टळलं. २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू आहे, ती गाठ विरघळवायला नाही, टीएसएच ताळ्यावर आणायला. उपाशीपोटी घ्यायची, चहा तासाभरानं. पहिले काही दिवस चहाशिवाय फार जड गेलं. वर्षानं परत सोनोग्राफी, गाठ वाढली तर परत सुई.

फाईलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनानं लिहून ठेवलंय, डावा लोब जन्मापासून नाही. त्याखाली भाच्यानं तेच कन्नडमध्ये लिहिलं, आणि त्याखाली इंग्रजीत.