पट्ट्यांखालची लग्नपत्रिका

पियानोचं काम करतो म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे ट्यूनिंग ना? मी हो म्हणतो, कारण नाही म्हटलं तर अर्धा तास जातो. पण मागच्या पावसाळ्यात मुलुंडला एका घरी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये आणि त्यात ट्यूनिंगचा काही संबंध नव्हता, त्यामुळे यावेळी अर्धा तास घेतोच.

घर साधं, टू बीएचके, त्यात हॉलचा निम्मा भाग अडवून बसलेला जपानी सेकंडहँड बेबी ग्रँड, म्हणजे छोटा आडवा पियानो. मुलगी पंधराएक वर्षांची, ग्रेड एटच्या परीक्षेची तयारी करत होती. तिच्याकडे स्कार्लाटी या इटालियन संगीतकाराचा तो डी मायनर सोनाटा होता, के. 141, ज्यात उजव्या हाताला एकच सूर धडाधड परत परत वाजवायचा असतो. आईची फोनवर तक्रार अशी की "सूर गळतात". सहा वाजवले की चारच ऐकू येतात. मागचा ट्यूनर येऊन ट्यूनिंग करून गेला, परत बोलावला, परत ट्यूनिंग करून गेला. शिकवायला घरी येणाऱ्या बाईंचं म्हणणं, बोटं कमजोर आहेत, मनगट आवळलेलं आहे, सराव वाढवा. मुलगी मैत्रिणीच्या डिजिटल पियानोवर तोच तुकडा नीट वाजवते असं आई म्हणाली तर त्यावर बाईंचं उत्तर, डिजिटलवर काय, कुणालाही वाजवता येतं.

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की राग यायचाही बंद झालाय.

आता थोडं यंत्र सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ग्रँडमधे पट्टी दाबली की हॅमर तारेवर ढकलला जात नाही, फेकला जातो. तार दीड-दोन मिलिमीटरवर आली की खालचा जॅक नावाचा लाकडी तुकडा हॅमरच्या रोलरखालून निसटतो आणि शेवटचं अंतर हॅमर स्वतःच्या वेगाने जातो. निसटला नाही तर हॅमर तारेला चिकटून बसेल आणि आवाज दबेल. आपटून परत येताना त्याला बॅकचेक धरतो. पट्टी जराशी सोडली की बॅकचेक हॅमर सोडतो, मग एक स्प्रिंगवाला लिव्हर त्याला किंचित वर उचलून धरतो आणि तेवढ्यात जॅक परत रोलरखाली घुसतो. म्हणजे पट्टी पूर्ण वर यायच्या आधीच दुसरा वार तयार. ही युक्ती पॅरिसच्या पियानो बनवणाऱ्या एरारने 1821 मधे पेटंट केली आणि आजचा प्रत्येक ग्रँड थोड्याफार फरकाने त्याच्यावरच चालतो. उभ्या पियानोत हा लिव्हर नसतो, म्हणून तिथे पट्टी जास्त वर येऊ द्यावी लागते. तर ज्या कामासाठी ग्रँड घ्यायचा नेमकं तेच काम हा ग्रँड करत नव्हता.

मी आधी हळू दाबून बघितलं. लेट-ऑफ, म्हणजे जॅक निसटण्याची जागा, बरोबर, हॅमर तारेखाली साधारण बारा मिलिमीटरवर धरला जातोय, सोडला की स्प्रिंग त्याला अलगद वर नेतेय, उसळी नाही की मरगळ नाही. पावसाळ्यात पहिला संशय सेंटर पिनांवर, म्हणजे सांध्यांतल्या बारीक पिनांवर, कारण त्यांच्याभोवतीचं फेल्ट ओल पिऊन फुगतं आणि सांधे जड होतात. म्हणून आख्खी अॅक्शन बाहेर काढली. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, पुढची लाकडी फळी, झाकण आणि दोन टोकांचे ठोकळे काढले की अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि हॅमर एका चौकटीवर सगळेच्या सगळे ड्रॉवरसारखे बाहेर येतात. ओढताना एकही पट्टी दाबली जाता कामा नये, दाबली तर तो हॅमर वर उठतो, वरच्या लाकडी ठोकळ्यात अडकतो आणि मोडतो. घरातल्या लहान भावाला म्हणून आधीच लांब सोफ्यावर बसवला.

डायनिंग टेबलवर चादर टाकून त्यावर अॅक्शन ठेवली. हॅमर एकेक झुलवून बघितले, सांधे ठीक. दोन-चार स्प्रिंगा जरा ढिल्या वाटल्या, त्या घट्ट केल्या. टेबलावर माझ्या दोन बोटांनी टकटकटकटक केलं तर एकही वार चुकेना. आत सरकवली, मुलीला म्हटलं वाजव. दुसऱ्या ओळीतच सूर गळायला लागले. मुलीने माझ्याकडे असं बघितलं की जणू तिनेच काहीतरी केलंय, आणि मागून आई, "बघा ना, हळू वाजवलं की येतं, जोरात घेतलं की जातं."

मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं वाक्य त्या माऊलीने बोललं. हळू येतं, जोरात जातं. आणि टेबलावर येतं, पियानोत जातं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते गोव्याचे अंकल. त्यांची सवय अशी की कुठलाही ग्रँड उघडला की वाजवायच्या आधी पट्ट्यांखालच्या चौकटीवर मुठीने ठोकायचे आणि कान लावायचे. मी मोबाईलचा टॉर्च लावून डोळा पट्ट्यांच्या रेषेत आणला आणि मुलीला म्हटलं, एकच पट्टी, जमेल तितक्या जोरात. तिने मारली आणि शेजारच्या पाच-सहा पट्ट्यांची टोकं किंचित खाली जाऊन वर आली. कुणी हात न लावता. तिला परत मारायला लावली, परत तेच. मग तिलाही वाकून बघायला लावलं आणि मी वाजवली. "ई, या का हलतायत?" ती म्हणाली.

कारण सगळी चौकटच हलत होती. पट्टी ही मधे टेकलेली तरफ आहे, आणि तिचा टेकू म्हणजे चौकटीतली बॅलन्स रेल. ही रेल खालच्या फळीवर आडवी पडलेली नसते, ती मोजक्या ग्लाइड बोल्टांवर उभी असते. हे बोल्ट खालच्या फळीला, की-बेडला, जेमतेम टेकले पाहिजेत. जास्त खाली गेले तर चौकट उचलली जाते आणि पुढे-मागे खडखडते, आणि वर राहिले तर रेल अधांतरी राहते, मधोमध बाजेला झोळ यावा तशी. मग जोरात वाजवलं की पट्टीचं जे दहा मिलिमीटर खाली जाणं असतं त्यातलं थोडं रेल वाकण्यातच खर्च होतं. हॅमरला पूर्ण ढकल मिळत नाही, जॅक नीट निसटत नाही, बॅकचेक हॅमर पकडत नाही, हॅमर लटपटतो आणि पुढचा वार हवेत. हळू दाबताना रेल वाकतच नाही, त्यामुळे सगळं व्यवस्थित. टेबल सपाट आणि टणक, तिथेही व्यवस्थित. म्हणजे जो माणूस फक्त हळू दाबून मोजमापं घेईल त्याला हा दोष जन्मात सापडणार नाही.

ठोकून बघितलं. कडेचे बोल्ट टेकलेले, मधले दोन टक् टक् बोलत होते.

बोल्ट खाली घेणं हे तसं काही मिनिटांचं काम. मधे बोटं घालून रेल हलकेच उचलायची, सोडायची, आवाज ऐकायचा, बोल्ट केसभर फिरवायचा, परत उचलायची. आवाज बंद झाला की थांबायचं, त्याच्या पुढे केसभरही नाही. शेजारचा बोल्ट फिरवला की आधीचा बिघडतो म्हणून फेऱ्या माराव्या लागतात, पण होतं. झालं, आणि मधल्या सगळ्या पट्ट्या कडेच्यांपेक्षा वर येऊन बसल्या. सरळपट्टी ठेवली तर मधे चांगला फुगवटा.

तेव्हा पोटात गोळा आला, कारण याचा अर्थ एकच. कुणीतरी आधी हे बघितलं होतं. रेल खचल्यामुळे मधल्या पट्ट्या खाली गेलेल्या त्याला दिसल्या आणि त्याने बोल्टाला हात न लावता एकेका पट्टीखाली कागद घालून त्या वर उचलल्या. लेव्हल सरळ, गिऱ्हाईक खूश, आणि दोष तिथल्या तिथे, उलट आता दिसायचाही बंद.

परत बाहेर, परत टेबल. हॅमरांचा सगळा साज स्क्रू काढून वेगळा केला आणि पट्ट्या एकेक करून पिनांवरून उचलल्या. प्रत्येक पिनेभोवती फेल्टची चकती असते आणि तिच्याखाली गरजेनुसार कागदाच्या चकत्या, वेगवेगळ्या जाडीच्या, तयार मिळतात. इथे फेल्टखाली होती लग्नपत्रिका. खरंच. जाड, शेंदरी, सोनेरी छपाईची, हाताने गोल कापलेली. एका चकतीवर "सौ. कां." एवढंच, एकीवर गणपतीची अर्धी सोंड, एकीवर नुसतं "आपले नम्र". दोन सप्तकांभर. काही ठिकाणी त्यावर कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्डही.

पहिल्यांदा शिवी आली तोंडात, मुलगी समोर म्हणून गिळली. मग जवळून बघितलं तर कापण्याचं काम काय सुंदर होतं. पिनेसाठी पाडलेलं भोक बरोब्बर मधोमध, कडा स्वच्छ, आणि पट्टीगणिक थर कमी-जास्त करून लेव्हल काढलेली. हा माणूस आळशी नव्हता. त्याने दिवस घातला असणार यात. फक्त त्याला बोल्ट काय असतात हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि आपल्याकडे सांगणार तरी कोण, कुणाच्या हाताखाली पडलात आणि त्याला शिकवायची दानत असली तर शिकलात, नाहीतर घरोघरचे पियानो म्हणजे तुमची शाळा. गिऱ्हाईकंही तशीच. रेग्युलेशनला, म्हणजे ही सगळी यंत्रणा जुळवायला, दोन-तीन दिवस लागतात म्हटलं की विचारतात, ट्यूनिंगमधेच नाही का बसणार?

पत्रिका सगळ्या काढल्या, नीट कागद घातले, पट्ट्या समतल केल्या. मग खालून वर सगळी साखळी परत. मागच्याने कॅपस्टन, म्हणजे पट्टीच्या मागच्या भागावरचे स्क्रू, फिरवून हॅमरची उंचीही जुळवून घेतली होती, ती मधल्या भागात नव्याने लावली, तारेपासून सेहेचाळीस मिलिमीटर. मग पट्टीची खोली, लेट-ऑफ, बॅकचेक, आणि शेवटी स्प्रिंगा. स्प्रिंगेचं मला वेड आहे, खोटं कशाला बोला. जास्त झाली तर हॅमर सुटल्यावर उडी मारतो आणि बोटाला झटका लागतो, कमी झाली तर जॅक वेळेत घुसत नाही. हॅमर बॅकचेकमधून सुटल्यावर आळोखेपिळोखे दिल्यासारखा वर आला पाहिजे, ना उडी ना झोप. आकड्यात हे सांगता येत नाही, डोळ्याने बघायचं. कडेची सप्तकं पुढच्या खेपेला ठेवली.

संध्याकाळी तिने वाजवलं. पहिल्यांदा हात अंदाजापेक्षा जास्त पळाला आणि ती घसरली, हसली, परत सुरू केलं. सगळे सूर आले. सगळे.

आणि नेमक्या तेव्हा बाई आल्या. दारातच उभं राहून ऐकलं आणि आईला म्हणाल्या, "बघा, मी म्हणत होते ना, मनगट सैल सोडलं की येतं!" आणि आई, जिने दिवसभर माझी कसरत बघितली, चहाचा ट्रे हातात घेऊन "हो ना मॅडम" म्हणाली. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी हत्यारं आवरत होतो. बोललो नाही, कारण एकतर या बाईंच्या ओळखीतून मला कामं येतात आणि दुसरं म्हणजे बाईंसमोर मुलीची बाजू घेऊन मी निघून जाणार, क्लास तिलाच करायचाय.

पण खरं घोळतंय ते वेगळंच. मी दिवसभर धरून चाललो होतो की हा प्रकार पियानो पुण्याहून मुलुंडला आणताना झाला असणार, पाय काढताना-बसवताना, दोरांनी बाल्कनीतून चढवताना, नाहीतर इथल्या हवेने. पुण्याची कोरडी हवा सोडून मुंबईच्या पावसात आलेला, रात्री एसी, दिवसा बंद, लाकडाने काय करावं. मग घरी येऊन त्या चकत्या पुसत बसलो तर एकीवर तारखेचा तुकडा निघाला, 2016. ते मुंबईत आले त्याच्या बऱ्याच आधीचा. मुलगी तेव्हा पुण्यात नुकती शिकायला लागली असेल. जुनी पत्रिका घरात वर्षानुवर्षं पडून असते, कुणीतरी नंतर कापलीही असेल, त्यामुळे पुरावा म्हणता येत नाही. पण जर ती तेव्हाचीच असेल, तर या पोरीने पहिल्या धड्यापासून खचलेल्या रेलवर वाजवलंय. सूर यावा म्हणून जास्त दाबायला, तळापर्यंत आपटायला ती तिथेच शिकली. मग बाई म्हणतात ते मनगट खरंच आवळलेलं आहे. त्यांचं चुकलं ते कारणात, लक्षणात नाही. आणि पट्ट्या मी एका दिवसात सरळ केल्या, मनगटाचं काय ते मला माहीत नाही.

निघताना आईला सांगितलं की दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड परत हलेल, बोल्ट परत बघावे लागतील, त्याला फार वेळ नाही लागणार, पण विसरू नका. त्यांनी लगेच किचनमधल्या कॅलेंडरवर नोव्हेंबरचं पान उलटून लिहून घेतलं. मी मागून वाचलं. "पियानो ट्यूनिंग."