सिक्स्थ फॉर्मची बर्सरी आणि आमचा माणमधला सातबारा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, मुलांना अकरावी-बारावीसाठी खासगी शाळेत घालायचा विचार करणाऱ्या आणि गावाकडे वडिलोपार्जित जमीन असलेल्या मराठी घरांसाठी हे लिहितेय. माझी ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावीची परीक्षा, आता तोंडावर आलीय, पण त्या एका फॉर्मचा राग अजून उतरलेला नाही.

आई एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत नर्स आहे, बाबा गोदामात रात्रपाळी करतात. मी आठवीपर्यंत साताऱ्यात शिकले, मग इथल्या सरकारी शाळेतून जीसीएसई, म्हणजे दहावीसारखी परीक्षा दिली. त्यानंतरची इयर १२ आणि १३ ही दोन वर्षं म्हणजे सिक्स्थ फॉर्म. खासगी शाळेची फी घरून ये-जा करणाऱ्यांनाही वर्षाला २० हजार पौंडांच्या आसपास किंवा वर जाते. आमच्यासारख्यांना दार एकच, बर्सरी, म्हणजे शाळेकडून मिळणारी फीमधली सूट. स्कॉलरशिप गुणांवर मिळते आणि तिने फी बहुतेक ठिकाणी थोडीशीच कमी होते. बर्सरी घरचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून ठरते, काही शाळांत ती पूर्ण फीपर्यंतही जाते. अर्ज करताना दोन्हींवर खूण करा.

प्रवेश परीक्षा, मुलाखत सगळं नोव्हेंबरात सुरळीत पार पडलं. जीसीएसईच्या निकालाच्या अटीवर जागाही मिळाली. अडलं ते बर्सरीच्या फॉर्मवर.

पी-६० म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला, बँकेची स्टेटमेंटं, घरभाड्याचा करार हे सगळं मी स्कॅन करून चढवलं. आईबाबांच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून फॉर्म मीच भरत होते. मग रकाना आला, परदेशातली मालमत्ता. आम्ही खरं ते लिहिलं, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात शेतजमीन, सामाईक. सोबत सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं.

काही दिवसांनी शाळेच्या बर्सरी कार्यालयाचं उत्तर आलं. कुटुंबाची भारतात भरीव मालमत्ता दिसते, त्यामुळे सध्याच्या आकड्यांवर बर्सरी देता येणार नाही. एवढंच. हिशोब कसा केला, कुठला भाव धरला, काही नाही.

मी फोन केला. उत्तर मिळालं, ‘निर्णय समितीचा आहे.’ ईमेल केला, तर ‘आपला ईमेल मिळाला’ असं आपोआप येणारं उत्तर. मग नाताळची सुट्टी लागली आणि कार्यालय बंद झालं. तिकडे जागा स्वीकारून अनामत भरायची तारीख जवळ येत होती. आई म्हणाली, ‘जाऊ दे गं, सरकारी कॉलेज काय वाईट आहे?’ वाईट नव्हतंच. पण कागद नीट न वाचता कुणी आम्हाला जमीनदार ठरवावं, हे मला सहन होत नव्हतं.

जानेवारीत शाळा उघडल्यावर मी हिशोबाचा तपशील लेखी मागितला. ही मागणी पहिल्याच दिवशी करा, बाकी पत्रव्यवहारात वेळ घालवू नका. तपशील आला आणि सगळं कळलं. क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, म्हणजे चार एकर, सगळंच्या सगळं बाबांच्या नावावर धरलं होतं. भाव इंटरनेटवरून उचललेला, तोही सातारा शहराजवळच्या महामार्गालगतच्या प्लॉटचा. आमचं रान माणमधलं, जिरायत. पाऊस झाला तर बाजरी.

मी भेटीची वेळ मागितली आणि बाबांना घेऊन गेले. रात्रपाळी करून ते थेट तिथे आले होते, बोलायचं मी. टेबलावर सातबारा ठेवला. त्यावर खातेदारांच्या नावांची रांग, पणजोबांच्या नावाला कंस, म्हणजे ते नाव कमी झालेलं, खाली ‘सामाईक क्षेत्र’. समोरच्या बाईंनी आधी फक्त भाषांतराचं पान बघितलं होतं आणि त्यातलं एकूण क्षेत्र उचललं होतं. मी कोऱ्या कागदावर वंशावळ काढली. पणजोबांची चार मुलं, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. आजोबांच्या मागे त्यांच्या हिश्श्याला आजी, बाबा, काका आणि दोन आत्या असे पाच वारस. म्हणजे बाबांचा विसावा हिस्सा. चार एकर म्हणजे १६० गुंठे, त्यातले ८ गुंठे आमचे.

आणि ते ८ गुंठेही उठून विकता येत नाहीत. वाटणी झालेली नाही. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकता येते. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे, त्याहून लहान तुकडा वेगळा काढून विकण्यावर बंधन. हे सगळं मी मुद्द्यांत लिहून नेलं होतं. बाई ऐकत गेल्या, मध्येच पेन खाली ठेवून म्हणाल्या, ‘हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.’ कागद त्यांच्याकडेच होता. विचारलं असतं, तर आम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं.

भावासाठी रेडीरेकनर द्या. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय वार्षिक दर फुकट बघायला मिळतात. सरकारी दर पुढे ठेवला की इंटरनेटवरच्या भावाचा वाद संपतो. सोबत ८-अ, म्हणजे खात्यावरच्या जमिनीचा उतारा, आणि वारसाचा फेरफार, म्हणजे वारसांची नावं लागल्याची नोंदही लावा. भाषांतर स्वतः करू नका, आमचं आधी तसंच परत आलं होतं. अनुवादकाचं सहीचं प्रमाणपत्र लागतं.

फेब्रुवारीत पत्र आलं, जवळजवळ पूर्ण बर्सरी. बाबा पत्र दोनदा वाचून झोपायला गेले. मी काकांना फोन केला, कारण फेरफाराची नक्कल त्यांनीच तालुक्याच्या ठिकाणी दहिवडीला हेलपाटे घालून मिळवली होती.

शाळेतली दोन वर्षं भराभर गेली. गणित, भूगोल, अर्थशास्त्र असे तीन विषय. वर्ग लहान, गप्प बसून चालत नाही. पहिल्या सत्रात श्रीमंत घरच्या मुलांसमोर बोलताना माझा आवाज बारीक व्हायचा. मग आठवायचं की मी त्या कार्यालयात बसून स्वतःच्या घराचा हिशोब मांडलाय, आणि हात वर जायचा. ड्यूक ऑफ एडिनबरा गोल्ड या तरुणांसाठीच्या पुरस्काराची चार दिवस-तीन रात्रींची मोहीम पावसात केली, तंबू गळत होता, तरी मजा आली. ईपीक्यू, म्हणजे स्वतः विषय निवडून करायच्या ५,००० शब्दांच्या संशोधन प्रकल्पासाठी मी जमिनीचं तुकडीकरण हाच विषय घेतला. मार्गदर्शक सरांनी सातबारा एवढा बारकाईने बघितला की मला त्यांचा हेवा वाटला. त्या कार्यालयात असा एक माणूस हवा होता.

१ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. तुमच्या बर्सरीवर त्याचा काय परिणाम होतो, ते लेखी विचारून घ्या. आमच्या शाळेने तो आमच्यावर टाकला नाही, पण सगळीकडे तसंच असेल असं धरू नका.

बर्सरी दरवर्षी नव्याने तपासतात. इयर १३ साठी मी वंशावळ, रेडीरेकनर, भाषांतर सगळं एकाच फाइलमध्ये आधीच लावून दिलं आणि एक प्रश्नही आला नाही. नव्या फॉर्ममध्ये परदेशी मालमत्तेखाली ‘तुमचा हिस्सा किती’ असा रकाना आलाय. तो माझ्या पत्रानंतर आलाय, याचा मला फार अभिमान आहे.

व्हिसावरच्या पालकांना वाटतं की सरकारी लाभाला बंदी आहे म्हणजे बर्सरीही चालणार नाही. बर्सरी शाळेच्या पैशातून येते, सरकारी लाभांच्या यादीत ती नाही. आणि सातबारा डिजिटल सहीचाच घ्या, महाराष्ट्र सरकारच्या महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. गावाहून मोबाइलवर काढून पाठवलेला फोटो इथे कुणी धरत नाही.