‘संस्थेचे नाव’ आणि समुद्रावरची धूळ

जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानकडून समुद्रावरून आलेली धूळ इथल्या गाड्यांवर पांढरी बसली होती. तेव्हापासून ऐरोलीतून डोंगर मळकट दिसला, की मी उपग्रहाची चित्रं उघडतो.

नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळाला खातं लागत नाही. नोआ-२० उपग्रहाचं दुपारी दीडच्या सुमाराचं चित्र त्याच दिवशी मिळतं. समुद्रावर पिवळसर पट्टा दिसला तर बहुधा धूळ, निळसर-करडा दिसला तर धूर. पण दिवसातून एकाच चित्रावर पट्टा कुठे सरकतोय ते कळेना. एकाच भागावर स्थिर राहून दिवसभर चित्रं पाठवणारा भूस्थिर उपग्रह हवा होता, आणि तिथंच घोडं अडलं.

अशी चित्रं देणाऱ्या एका पोर्टलवर (नाव घेत नाही) नोंदणी सक्तीची. ‘संस्थेचे नाव’ सक्तीचं, ‘पदनाम’ सक्तीचं, वर ‘प्रयोजन’ सविस्तर. मी बँकेतून निवृत्त, संस्था कुठली सांगू? ‘लागू नाही’ लिहिलं, रकाना लाल. रिकामा ठेवला, पुन्हा लाल. दरवेळी भरलेलं सगळं पुसलेलं आणि कॅप्चा नवा. अखेर सोसायटीचं नाव टाकलं, पदनाम खजिनदार. खोटं काहीच नाही. फॉर्म गेला! मग ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’. चौकशीची मेल केली, त्यालाही तेच उत्तर. धूळ दोन दिवसांत येऊन जाते हो, तिला कुणाची मंजुरी लागत नाही. मंजुरी आली ती जूनमध्ये, चित्रात नुसते ढग असताना.

तोवर मी युमेटव्ह्यू या युरोपीय उपग्रहसंस्थेच्या संकेतस्थळावर पोचलो होतो. हिंद महासागरावरच्या मेटिओसॅट या भूस्थिर उपग्रहाची चित्रं दर पंधरा मिनिटांनी, नोंदणीशिवाय. ‘डस्ट’ थर लावला की धूळ गुलाबी दिसते, चित्र अवरक्त (उष्णतेच्या) किरणांचं असल्यानं रात्रीसुद्धा. एका रात्री पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याकडून निघालेला गुलाबी डाग बघून ग्रुपवर ‘उद्या खिडक्या लावून ठेवा’ असं टाकलं. दुपारी पीएम१० (हवेतल्या बारीक धूलिकणांचं प्रमाण) चढला. त्या दिवशी खजिनदाराचा भाव वधारला!

हो, चित्रांवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. डोक्यावर गुलाबी दिसलं म्हणजे नाकाशी धूळ असेलच असं नाही, ती उंचावरूनही निघून जाते. म्हणून जमिनीवरच्या हवामापन केंद्राचा आकडा बघाच, पण एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) नको. तो चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. तासाचा पीएम१० बघा, धुराची शंका असेल तर पीएम२.५, म्हणजे आणखी बारीक कण.

खारघरच्या डोंगरावर गवत पेटलं तर नासाच्या फर्म्स या आगी दाखवणाऱ्या नकाशावर लाल ठिपका येऊ शकतो. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये विझलेली आग मात्र त्यात सापडत नाही.