दिव्याखालचं भात

खानापूर तालुका, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

बसथांब्याजवळच्या खांबावर उन्हाळ्यात पांढरा एलईडी दिवा बसला, आणि त्याच्या खालचं आप्पाकाकांचं भात काही केल्या निसवेना. बाकीचं शेत लोंबी टाकून मोकळं झालंय. दिव्यापुढचा अर्धगोल मात्र नुसता हिरवागार, कोरा. काका म्हणाले, "खत सगळीकडं एकाच हातानं टाकलंय बघ. जमीन खराब म्हणावं तर गेल्या साली तिथंच दाणा चांगला भरलेला. काय करायलंय कुणास ठाऊक."

सकाळी अकराच्या सुमाराला ब्लेड घेऊन गेले. दिव्यापासून लांबच्या भातात फुलोरा चालू होता: तुसं उघडलेली, सहा-सहा पुंकेसर बाहेर लोंबतायत, हाताला पिवळी पूड. दिव्याच्या अगदी खालचा एक फुटवा उभा चिरला, तर तळाशी नखाएवढी लोंबी, पांढरी, मऊ, लव असलेली. मधल्या पट्ट्यातलं भात पोटरीत, लोंबी अजून आतच पण बाहेर पडायच्या बेतात. उजेड जसा कमी होत जातो, तसं भात पुढं पुढं गेलेलं. इतकं स्वच्छ चित्र प्रयोगशाळेतसुद्धा सहसा मिळत नाही.

गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताचं काकांना सगळं ठाऊक आहे. धूळवाफ पेरणी लवकर झाली काय नि पावसानं दोन आठवडे ताणलं काय, गरवं आपल्या ठरलेल्या दिवसांतच निसवतं. रात्र पुरेशी मोठी झाली की त्याची वेळ आली. आपल्याकडं सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात पुरता दोन तासांचाही फरक नाही, पण भाताला अर्ध्या तासाचा फरकही कळतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आणि लांब रात्रीच्या मध्येच दहा मिनिटं उजेड दाखवला, तरी त्याची फुलायची तयारी थांबते. इथं तर दिवा रात्रभर जळतोय. पानातलं फायटोक्रोम नावाचं प्रथिन तो उजेड टिपतं, आणि भाताच्या लेखी रात्र होतच नाही.

मग विषय मी बेंगळूरच्या प्रयोगशाळेत वाढवते त्या ॲराबिडॉप्सिस नावाच्या लहानशा झाडावर आला. काकांनी त्याची रीतसर उलटतपासणी घेतली.

"मोहरीच्या जातीचं म्हणतेस, मग तेल निघतं काय?"

"नाही."

"जनावरं खातात?"

"खात असतील, पण कुणी त्यासाठी पेरत नाही."

"मग कशाला वाढवतेस गं बाय?"

वाढवते, कारण ते वीतभर जागेत मावतं, दीड-दोन महिन्यांत बी ते बी होतं, आपलं आपणच फळतं, आणि त्याची गुणसूत्रं अवघी ५ जोड्या. संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली पहिली वनस्पती हीच, २००० साली. काकांना यातलं "दीड महिन्यात" तेवढं पटलं.

खरी गोष्ट त्यापुढची. झाडाला दिवसाची लांबी पानात कळते आणि फूल शेंड्याला येतं, म्हणजे मधे कुणीतरी निरोप्या असणार, असं चैलाख्यान या रशियातल्या शास्त्रज्ञानं १९३७ मध्ये मांडलं आणि त्याला फ्लोरिजेन म्हटलं. पुढं ७० वर्षं तो निरोप्या कुणाच्या हाती लागला नाही. तो सापडला तो या बिनकामाच्या तणात. रेदेई या संशोधकांनी १९६२ मध्ये वर्णन केलेल्या उशिरा फुलणाऱ्या झाडांत कॉन्स्टन्स नावाचं जनुक बिघडलेलं होतं. त्याचं प्रथिन संध्याकाळकडे साठू लागतं, पण अंधारात टिकत नाही. दिवस मोठा असेल तरच त्याच्यावर उजेड पडतो, ते तगतं आणि एफटी हे दुसरं जनुक चालू करतं. एफटीचं प्रथिन पानाच्या शिरांतून वाहत शेंड्याला जातं आणि तिथं पानांऐवजी कळ्या सुरू होतात. हाच तो निरोप्या, हे २००७ मध्ये नक्की झालं, आणि त्याच वर्षी भातातही त्याचा भाऊबंद, एचडी३ए, असाच प्रवास करताना दिसला.

भात आणि मोहरीचं कूळ वेगळं होऊन १० कोटी वर्षांहून अधिक काळ गेला, तरी निरोप्या तोच. अर्थ मात्र उलटा. कॉन्स्टन्सचा भातातला भाऊ एचडी१ मोठ्या दिवसात फुलणं अडवतो आणि लहान दिवसात त्याला हातभार लावतो. म्हणून आम्ही ॲराबिडॉप्सिसला १६ तास उजेड देऊन फुलवतो, आणि काकांचं भात त्याच उजेडानं अडून बसतं. मला हे अजूनही फार आवडतं, इतक्या वर्षांनी.

आत्या निपाणीच्या तंबाखूतली. तिला फोनवर सांगितलं की दिवसाच्या लांबीचा हा सगळा अभ्यास १९२० साली अमेरिकेत तंबाखूपासूनच सुरू झाला, उन्हाळ्यात न फुलता नुसत्या उंच वाढणाऱ्या एका वाणावरून. ती म्हणाली, "न फुलणारी? दे की इकडं. शेंडे खुडून खुडून बोटं काळी झाली." तिचं बरोबरच आहे. पान जाड व्हायचं तर फूल काढावंच लागतं.

संध्याकाळी काका म्हणाले, खांबाला शेताच्या अंगानं पत्रा मारून घेतो. काकी लगेच उसळली. शेवटच्या बसनं पोरी उतरतात, कोपऱ्यावर अंधार नको. "तेवढ्या तुकड्यात हळवं पेरा," म्हणाली. मी तिच्याकडं बघतच राहिले. हळव्या वाणांना रात्रीच्या लांबीचं फारसं पडलेलं नसतं, आणि जगभरातल्या कित्येक भातवाणांत एचडी१ मोडलेलंच सापडतं. काकांचा आक्षेप वेगळाच: हळवं आधी पिकणार, गावातली सगळी पाखरं तिथंच उतरणार.

"उतरू देत," काकी म्हणाली. "थांब्यावर पोरं रिकामी बसलेली असतात की. त्यांच्या हातात गोफण द्या."