नाइट रॉड स्पेशल: मागचा २४०चा टायर बदलला

सेकंडहँड घेतलेली हार्ले-डेव्हिडसनची नाइट रॉड स्पेशल ही मोटरसायकल सातारा रोडला सरळ पळताना अप्रतिम. पण पसरणी घाटात वळण आलं की आधी झुकायलाच तयार नसायची आणि एका टप्प्यानंतर एकदम आत पडायची. सस्पेन्शनला हात लावायच्या आधी टायर बघायचं ठरवलं.

मागचा टायर २४०/४० आर १८, म्हणजे तब्बल २४० मिलिमीटर रुंद. नक्षी शिल्लक होती, पण स्टीलची पट्टी आडवी धरल्यावर मधला चार बोटं रुंद भाग पार सपाट दिसला. दोन्ही कडा मात्र जवळपास कोऱ्या. साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूवरचा) उत्पादनाचा कोड २३१५, म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. रबर नखाने दाबलं तर दबतच नव्हतं. जुनी रुंद टायरवाली क्रूझर (लांब, बुटकी, आरामात चालवायची मोटरसायकल) बघायला जाल तेव्हा ओडोमीटरच्या आधी हा कोड वाचा. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजलेले नसतात, पण म्हातारे झालेले असतात.

एवढा रुंद टायर नेहमीच्या पंक्चरवाल्याच्या मशीनवर बसत नाही. चाक घरीच काढलं आणि मोठ्या मशीनवाल्याकडे नेलं. या गाडीला चेनऐवजी बेल्ट आहे, त्यामुळे चाक परत बसवताना बेल्टचा ताण आणि पुलीची सरळ रेष दोन्ही नीट तपासावं लागतं. यात घाई नको. पुढचा १२०/७० आर १९ सुद्धा सोबतच बदलला. एक नवा, एक जुना असं ठेवलं की फरक नक्की कशाने पडला ते कळत नाही.

आणि फरक केवढा! गाडी आता एका लयीत झुकते. २४०चा स्वभाव अर्थातच गेलेला नाही. वळणात ब्रेक धरला की ती उभी राहू बघते. म्हणून वेग वळणाआधीच उतरवायचा, आतल्या बाजूचं हँडल ठामपणे पुढे ढकलायचं आणि थ्रॉटल स्थिर ठेवायचा. नव्या टायरची वरची निसरडी चमक जाईपर्यंत पहिले शे-दीडशे किलोमीटर मी जपूनच चालवली.

इंजिनाला मात्र काही करावं लागलेलं नाही. पोर्शसोबत विकसित केलेलं हे रिव्होल्यूशन इंजिन, १२४७ सीसी, ६० अंशांचं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), लिक्विड-कूल्ड. हार्लेचा नेहमीचा खालच्या आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) ताकदीचा धबधबा इथे शोधू नका. ५,००० नंतर ते मोकळं होतं आणि ९,०००च्या रेडलाइनपर्यंत, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत, ओढत राहतं. एकदा ते अनुभवलं की बाकी सगळं माफ.

टाकी वाटते तिथे एअरबॉक्स (इंजिनाला हवा पुरवणारा डबा) आहे, खरी टाकी सीटखाली. पंपावर दर वेळी उतरून सीट उचलायची. मागे बॅग बांधली असेल तर आधी ती सोडायची. लांबच्या रायडर्सनी हे धरूनच सामान बांधावं. ट्रॅफिकमध्ये फॅन सुरू झाला की पायांना धग लागते, पण वजन खाली असल्यामुळे सिग्नलला गाडी जड वाटत नाही.

ब्रेक फ्लुइड काळपट झालं होतं, तेही या वेळी बदलून घेतलं. लिव्हरचा स्पंजीपणा गेला. आता मागच्या दोन्ही शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) माझ्या वजनाला जुळवायचा आहे, एकेक पायरी वाढवत, त्याच घाटात. पुढच्या सस्पेन्शनचं फोर्क ऑइल पावसाळ्यानंतर.